एकदाही नाही

कापडीताई औषधांच्या दुकानाच्या पायरीशी थांबल्या आणि आत कोणी गिऱ्हाईक आहे का, ते आधी त्यांनी मान लांब करून पाहिलं. दुपारची वेळ. दुकानदार काका गल्ल्यावर पेंगत होते. बाकी सामसूम. हायसं वाटून त्या आत शिरल्या.

"काका, ते द्या ना."

"ते म्हणजे?"

"ते हो. म्हाताऱ्या माणसांचं असतं ना, ते."

"काठी?"

"काठी कसली! सासूबाई अंथरुणातून उठतात कुठे?" ताईंनी आवाज आणखी खाली आणला. "ते… एकदा वापरून टाकून द्यायचं."

काकांची झोप उडाली. शाळेच्या हेडबाईंनाच कॉपी करताना धरावं, तसे ते ताईंकडे बघत राहिले.

बघण्यासारखंच होतं ते. कापडीताई हे नाव त्यांना उगाच पडलं नव्हतं. इमारतीत घरोघरी त्यांनी कापडी पिशव्या वाटल्या होत्या, कागदी पेल्यांवर जिन्यात भाषणं ठोकली होती, आणि तळमजल्यावरच्या बाळंतिणीला कचऱ्याच्या डब्यापाशी गाठून, 'तुझ्या बाळाचं हे एकेक डायपर तुझ्या नातवंडांनंतरही इथेच पडलेलं असेल,' असं चार बायकांदेखत सुनावलं होतं. बोलल्या ते खोटं नव्हतंच. फक्त तेव्हा सासूबाई आपल्या पायांनी न्हाणीघरात जात होत्या.

आता घरात दोऱ्या पुरत नव्हत्या. चादरी, दुपटी, पुन्हा चादरी. आधीच्या वाळायच्या आत पुढच्या ओल्या. ताईंची पाठ धरली होती. आज सकाळी तर चादर ओढून काढताना सासूबाईच रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "आण गं काहीतरी बाजारातून. लाज वाटते मला." नवरा म्हणाला, "आण की. कोण बघतंय?" त्याला काय जातंय म्हणायला! सगळी इमारत बघत होती.

"आत आहेत, आणतो," काका उठले.

"आणि नीट झाकून द्या हं. काळ्या पिशवीत."

"काळ्या पिशव्या आता कुठल्या, ताई? तुम्हीच बंद करायला लावल्यात की."

"मग वर्तमानपत्रात गुंडाळा."

काका पडद्याआड गेले आणि पावडरीच्या डब्यांच्या मांडणीमागून ढकलगाडीचं चाक कुरकुरलं. तळमजल्यावरचीच बाळंतीण. गाडीत बाळ झोपलेलं. तिनं काही ऐकलं नसावं. चेहरा दचकलेला होता, पण ताईंना समोर बघून दचकावा तसा.

"अगंबाई, तू होय!"

"हो ताई. पावडर… पावडर बघत होते." तिचा एक हात गाडीवर होता, दुसरा पाठीमागे.

नेमके तेव्हाच काका उशीएवढं पुडकं छातीशी धरून बाहेर आले. "साईज कोणती देऊ, ताई? मोठी की मधली?"

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. "हे नव्हे हो, काका! पट्टी मागितली मी. गुडघ्याची पट्टी!"

काका मुरलेले दुकानदार. "असं होय. कान गेले माझे आता," असं म्हणत त्यांनी पुडकं काउंटरवर ठेवलं आणि पट्टी शोधायला खाली वाकले.

बाळंतीण पुडक्याकडे बघत राहिली.

"ताई, एक विचारू? रागावू नका. आजींचं एवढं सगळं असतं… तुम्ही हे कधीच नाही वापरलं? अडीनडीला? एखाद्या दिवशी?"

तिचे डोळे खोल गेले होते. ती परवानगी मागते आहे, हे ताईंना लख्ख कळलं. एक 'हो' म्हटलं असतं तर दोघी सुटल्या असत्या. जिभेच्या टोकावर ते आलंही होतं. पण जिभेला वळण पडलेलं होतं दुसरंच.

"एकदाही नाही," ताई म्हणाल्या.

शब्दशः खरं होतं ते. म्हणून तर इतकं ठणठणीत बाहेर पडलं. ताईंना स्वतःची लाज वाटली.

"वाटलंच मला," बाळंतीण म्हणाली. "तुम्ही आजींचं करताय, मग एवढ्याशा जिवाचं मलाच का जड व्हावं?" तिनं पाठीमागचा हात पुढे आणला आणि हातातलं लहान पुडकं त्या मोठ्या पुडक्याशेजारी ठेवलं. "काका, हे नको. ठेवून द्या."

काकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा ताईंकडे. पुडकी उचलायची त्यांनी मुळीच घाई केली नाही. गुडघ्याची पट्टी तेवढी ताईंच्या पुढ्यात सरकवली.

बाळंतिणीनं गाडी दारापर्यंत नेली. पायरीवरून उतरवताना धक्का बसला आणि बाळ जागं होऊन रडायला लागलं.

"अगं, थांब!" ताई एकदम ओरडल्या.

ती वळली. "काय, ताई?"

ताईंनी पुढ्यातली पट्टी उचलली.

"ऊन बरं पडलंय आज," त्या म्हणाल्या. "दुपटी लवकर वाळतील."