नदीकडची बाजू

"तिकडं नदीकडं जाऊन बस, मथुरे. इथं कोयत्याखाली सापडलीस तर तुझ्या आईला कोणत्या तोंडानं सांगू?"

मालनबाईनं गोऱ्या पोरीला हातानंच हाकललं. पोरीचं खरं नाव मार्था. त्र्यंबकेश्वरापासून गोदावरीच्या कडेकडेनं ती एकटी पायी निघाली होती, पाठीवर गोणीएवढी पिशवी घेऊन, आणि वाटेत दिसेल ते जनावर वहीत काढत होती. सायखेड्याला पोचेपर्यंत घोरपड झाली, मुंगूस झालं, मोर झाला. काल मालनबाईच्या ओट्यावर भाकरी खाताखाता तिनं एका पानावर नुसते ठिपके काढले, त्यांना शेपूट जोडली आणि हा कुठं भेटेल असं खुणेनं विचारलं. ओट्यावरचे सगळे हसले. मालनबाई म्हणाली, तो भेटला की चित्र काढायला माणूस जागेवर राहत नाही. पोरीला त्यातलं अक्षर कळलं नाही. तीही हसली. तेव्हापासून ती मथुरा झाली.

उसाचा आता शेवटचा तुकडा उभा होता. तिकडं गुऱ्हाळ पेटलेलं, कढई तापलेली, त्यामुळं हात भराभर चालले होते. तोड मात्र रस्त्याकडून नदीकडंच जायची. मालनबाईच्या शेतातला तो कायदाच होता. उसात ससा असो, साप असो, कोल्हा असो, त्याला निघायला वाट पाहिजे. म्हणून नदीकडची बाजू मोकळी. तिथं माणूस सोडा, पाण्याचा हंडासुद्धा ठेवायचा नाही. नवा माणूस कामाला आला की ती हे आधी सांगायची आणि मग त्याच्या हातात कोयता द्यायची.

तोडीतल्या अंबूबाईचा कोयता वरच्या वर थांबला.

सरीत पाचटावर दोन पिल्लं पडली होती. डोळे नुकते उघडलेले, अंगावर ठिपके. मांजराची म्हणावीत तर पंजे केवढे. अंबूबाई त्यांना उचलायला वाकली, आणि उभ्या उसातून, दहा हातांवरून, कुणीतरी दगडी जातं ओढावं तसा आवाज आला.

मालनबाई पुढं झाली. कोयते खाली ठेवा, पाठ न फिरवता मागं सरा, पळेल त्याची तंगडी मी आधी मोडीन, असं तिनं हळूच बजावलं. सगळे मागं सरले. तोडीवरच्या सावळीरामाला अशा वेळी फार शौर्य सुचतं. त्यानं रिकामा डबा उचलला, वाजवतो म्हणाला.

"ठेव तो खाली," मालनबाई म्हणाली. "डबा वाजला तर वाघरू बिथरंल. मग सुसाट नदीकडंच निघंल."

नदीकडं म्हणाली आणि तिला आठवलं, मथुरेला तिनंच तिकडं बसायला धाडलं होतं.

हाक मारायची सोय नव्हती. एरवी मालनबाईनं एक हाक दिली की पलीकडच्या काठावरचे बैल मान वर करायचे. आज त्याच गळ्यातून श्वासही निघायला नको होता. तिनं वहाणा काढल्या. दोन्ही हातांतल्या बांगड्या कोपरापर्यंत चढवून घट्ट बसवल्या. बांधावरून वळसा घालून ती निघाली, आणि साठीची बाई इतकी हलकी चालू शकते हे तिच्या माणसांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मथुरा बाभळीखाली बसली होती. उसाकडं पाठ. मांडीवर वही, वहीत खंड्या. तिची पिशवी बरोबर उसाच्या तोंडाशी, जनावरांच्या येण्याजाण्यानं पडलेल्या पायवाटेवर आडवी टाकलेली.

मालनबाईनं मागून येऊन तिच्या तोंडावर हात दाबला आणि तिला बाभळीच्या खोडाशी ओढून घेतलं. पोर धडपडली. मग पाचट वाजलं आणि ती आपोआप गप झाली.

मादी बाहेर आली. तोंडात एक पिल्लू लोंबत होतं. उन्हात तिचं अंग तूप लावल्यासारखं चमकत होतं. पिशवीपाशी ती थबकली. बाजूला पाहिलं. या दोघींमध्ये आणि तिच्यात एका बैलगाडीइतकं अंतर. मथुराचं काळीज असं उडत होतं की मालनबाईला ते स्वतःच्याच छातीत लागत होतं. मालनबाईनं डोळे खाली घातले. आयुष्यात कुणापुढं घातले नव्हते.

मादीनं पिशवी हुंगली. तिला वळसा घातला आणि काठ उतरून करंजाच्या झाडीत शिरली.

मथुराच्या तोंडावरचा हात सुटला. तिच्या गालांवर पाणी होतं आणि ती हसत होती, आवाज न करता, सगळे दात दिसतील अशी. वाऱ्यासारखं काहीतरी पुटपुटत ती उठायला लागली. मालनबाईनं तिचं मनगट धरलं.

"बस. अजून एक ऱ्हायलंय."

तिनं दोन बोटं दाखवली. त्यातलं एक मिटलं. पोरीला मराठी येत नव्हती, पण ती बसली.

मग मालनबाईनं पाय लांब केला आणि वाटेवरची ती गोणीएवढी पिशवी टाचेनं हळूहळू, हळूहळू बाजूला ओढून घेतली.

खाली काठाकडं पाचोळा वाजला. मथुरानं पेन्सिल गवतावर ठेवून दिली.