मोहरेवरचा खळगा

हिंगोलीत जुनी नाणी जमवणारे फारुकभाई गोरेगावजवळच्या तांड्यावर बाबूसिंगांची सोन्याची मोहोर विकत घ्यायला आले होते. दोऱ्यात ओवलेली मोहोर त्यांनी भिंगाखाली धरली. एका बाजूची फारसी अक्षरं कालच टाकसाळीतून निघाल्यासारखी ठसठशीत होती, पण दुसऱ्या बाजूला मधोमध एक लहानसा गुळगुळीत खळगा पडला होता.

“बाजारात फिरून नाणं सगळीकडून झिजतं. ही एकाच जागी काहून झिजली? किंमत निम्म्यावर आली हिची,” फारुकभाई म्हणाले.

बाबूसिंगांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या बायकोनं, रूपाबाईनं, मोहोर उचलली आणि पदराआड लेकराला पाजत बसलेल्या सुनेच्या गळ्यात बांधली. थोड्या वेळानं पदराखालून लेकराचा हात बाहेर आला आणि त्यानं मोहोर धरली. इवलासा अंगठा बरोबर त्या खळग्यात जाऊन बसला.

फारुकभाईंनी भिंग हळूच खाली ठेवलं.

“कोणकोण धरत आलं हिला?” त्यांनी दबल्या आवाजात विचारलं.

“सासूबाई सांगायच्या, घरातलं हरेक लेकरू,” रूपाबाई म्हणाली आणि तिनं नवऱ्याकडे पाहिलं. “ह्ये बी.”

बाबूसिंगांनी आपला राठ अंगठा डोळ्यांजवळ नेला. विकायचा विषय मग कोणीच काढला नाही.