साठवणीचा लसूण

लसूण स्वस्त झाला की सासूबाई पिशवीभर आणायच्या आणि सोलून, बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवायला सुनेपुढे ओतायच्या. "आधी हाताला तेल लाव, नाहीतर बोटांची नुसती आग आग होईल," हे न चुकता बजावायच्या.

काल ती तेल लावायला विसरली. त्यात नवरा तर्र होऊन आला. "दिवसभर लसूणच सोलत बसलीस का?" म्हणत त्याने तिचं डोकं ओट्यावर आपटलं, गळा आवळला. जीव घुसमटला तशी तिने दोन्ही हातांची बोटं त्याच्या डोळ्यांत खुपसली. तो ढोरासारखा ओरडत फरशीवर गडाबडा लोळला. डोळे चोळत राहिला, पण पुन्हा हात उचलला नाही. सासूबाई दारातून बघत होत्या.

आज बरणी काठोकाठ भरलेली असूनही ती संध्याकाळी पुन्हा लसूण घेऊन बसली. सासूबाईही शेजारी टेकल्या आणि चार गड्ड्या त्यांनी आपल्या पुढ्यात ओढल्या. तिने तेलाची वाटी त्यांच्याकडे सरकवली.



"तेल नको गं. आज तुझे सासरेही पिऊनच येतील."