दोन गुण

"घरी कधी सोडणार हो यांना?" पदराचं टोक बोटाला गुंडाळत बाईंनी विचारलं.

आता उपचार उरलेले नाहीत, हे डॉक्टर ढवळेंनी त्यांना नुकतंच सांगितलं होतं. प्रश्नाने ढवळे गडबडल्या आणि "बघू" म्हणून गेल्या.

परीक्षक डॉक्टर सबनीसांनी दोन गुण कापले. बाई नाटकातल्या होत्या, नवरा कागदावरचा. परीक्षा होती ती शेवटच्या आजारात नातेवाइकांशी कसं बोलावं याची.

"ढवळे, या एका 'बघू'ला धरून माणूस रात्रंदिवस बसून राहतं. खरं सांगायचं आणि गप्प बसायचं."

"सर, त्यांच्याकडे बघवेना हो."

"मग भूलतज्ज्ञ व्हा. तिथं पेशंट प्रश्न विचारत नाही."

दिवाळीनंतर त्याच इस्पितळात, अतिदक्षता विभागाबाहेर, ढवळेंनी खुर्ची सबनीसांजवळ ओढली आणि मोबाइल बंद करून खिशात ठेवला. सबनीसांना तिथंच सगळं कळलं. असं बसायला त्यांनीच शिकवलं होतं.

"सर, मॅडम आता बऱ्या होणार नाहीत. त्यांना त्रास होणार नाही, एवढी काळजी आम्ही घेऊ."

सबनीसांनी समजल्यासारखी मान हलवली. बायकोची शाल त्यांच्या मांडीवर होती. तिचं टोक बोटाला गुंडाळत ते म्हणाले, "घरी कधी सोडणार तिला?"

ढवळेंचे डोळे भरून आले, पण त्यांनी नजर वळवली नाही आणि तोंडही उघडलं नाही. एकही गुण कापता आला नसता. सबनीस त्यांच्या ओठांकडे पाहत त्या एका शब्दाची वाट बघत राहिले.