नव्या भिंतीवरची सावली

“भिंत दिसली पाहिजे आणि सावली दिसता कामा नये,” ग्रोझ्दाने बजावलं. “दिसली, तर उचल तुझा कॅमेरा आणि चालती हो.”

नेवेनाने नुसती मान हलवली. लग्नाच्या फोटोंना ती पहिल्यांदाच एकटी आली होती. बाप दुकानात बसून होता. सहा वर्षांपूर्वी त्याने ग्रोझ्दाच्या थोरल्या सुनेचा फोटो काढला, तोही नव्या घरात, पांढऱ्या भिंतीला टेकवून. फ्लॅश समोरून उडाला आणि सुनेच्या कानामागून काळी सावली भिंतीवर बसली. त्याच हिवाळ्यात ती गेली.

बल्गेरियातल्या त्या डोंगरात लहान पोरालाही ठाऊक असतं, की गवंड्याने नव्या भिंतीत ज्याची सावली चिणली, तो चाळीस दिवसांत जातो आणि त्या घराचा राखणदार होतो. फ्लॅशनेही तेच केलं असं गावाने धरलं, आणि तेव्हापासून बापाला कुणी बोलावेना. आज ग्रोझ्दाने बोलावलं, तेही शहरातला फोटोग्राफर बर्फात अडकला म्हणून.

धाकट्याची नवरी कौतुकाने भिंतीला चिकटून उभी होती. धाकट्याच्या या नव्या घराची भिंत सासऱ्याने, मिंको गवंड्याने, स्वतः बांधली होती.

“चार पावलं पुढे ये,” नेवेना म्हणाली.

“पुढे? मग भिंत काय शेजारणीला दाखवू?”

“मागे दिसेल ना, मावशी. सगळी दिसेल.”

तिने फ्लॅशचा दिवा कॅमेऱ्यावरून काढला, उंच काठीवर चढवला, थोडा बाजूला नेला आणि खाली वाकवला. मग ग्रोझ्दाला म्हणाली, “तुम्ही नवरीकडे बघू नका. भिंतीकडे बघा. डोळे मिटायचे नाहीत.”

लख्ख उजेड पडला.

“काय दिसलं?”

“पुन्हा उडव.”

दुसऱ्यांदा उडवला. तिसऱ्यांदाही. सावली नवरीच्या मागे जमिनीवर पडत होती, गालिच्यात जिरत होती. भिंत कोरी ती कोरीच.

ग्रोझ्दाने डोळे चोळले. “तुझ्या बापाला हे येत नव्हतं.”

“त्यांनीच शोधून काढलं. सहा वर्षं रिकाम्या दुकानात माणसाच्या जागी खुर्ची उभी करून तेच करत होते.”

ग्रोझ्दाने कोऱ्या भिंतीवरून हात फिरवला. “नातवंड झालं की नामकरणाला त्यालाही घेऊन ये,” ती म्हणाली.

नेवेनाने मान वळवून डोळे पुसले आणि दिवा उतरवायला हात घातला.

“थांब पोरी.” मिंको काठी टेकत उठला. वय ऐंशी. तो चालत थेट भिंतीपाशी गेला. “आता माझा एक काढ. सावलीसकट.”

“अहो, डोकं फिरलंय का तुमचं?” ग्रोझ्दा ओरडली.

“साठ वर्षं लोक म्हणत आले, मिंको वाटसरूंच्या सावल्या चोरून भिंतीत घालतो. मी एकाचीही घातली नाही. माझ्या पोराच्या घराला राखणदार हवा, तर मीच काय वाईट आहे?”

ग्रोझ्दा त्याच्याजवळ गेली. त्याची टोपी सरळ केली, कोटावरची चुन्याची भुकटी झटकली. मग नेवेनाकडे वळली.

“दिवा खाली घे गं,” ती म्हणाली. “मोठी पाड. छताला लागली पाहिजे.”