नववी खूण

“आतून फोटो पाठवा, बाहेरून नको,” असं त्याने विक्रेत्याला तिसऱ्यांदा लिहिलं आणि तिसऱ्यांदाही बाहेरूनच फोटो आला. लोखंडी टोप मखमलीवर ठेवलेला, लग्नाच्या फोटोला बसवल्यासारखा. होकार कळवायची मुदत चार वाजेपर्यंत होती. अडीच वाजून गेले होते.

जुन्या युद्धसामानाचा नाद असलेल्यांच्या ऑनलाइन गटात त्याला सगळे ‘भिंग’ म्हणत. कुणाला काही विकत घ्यायचं असलं की आधी भिंगाला दाखवायचं आणि भिंगाने ‘नकली’ म्हणायचं, असा शिरस्ताच पडला होता. त्याला स्वतःला एकच वस्तू हवी होती. पणजोबा ज्या पलटणीत होते, त्या पलटणीचा टोप. अकरा वर्षं तो वाट पाहत होता आणि अकरा वर्षं समोर येत होते ते नाटकवाल्यांचे रंगवलेले पत्रे.

आज पहिल्यांदा काहीतरी आलं होतं. हा टोप ओळखायच्या नऊ खुणा त्यानेच लिहून गटात टाकल्या होत्या. तीच यादी त्याने पुढ्यात घेतली.

*खूण एक. आतून हातोडीचे घाव.*
शेवटी आतला फोटो आला. घाव होते. वेडेवाकडे, माणसाच्या हाताचे.

*खूण दोन. मानेवरच्या झालरीची प्रत्येक कडी वेगळी रिव्हेट मारून बंद केलेली.*
चाळीस कड्या मोजल्या. चष्मा पुसून पुन्हा मोजल्या. चाळीसही बरोबर.

*तीन, चार, पाच.*
गंज, विक्रेत्याने कळवलेलं वजन, कडेचा बाक. बरोबर, बरोबर, बरोबर. त्याचं डोकं फिरायला लागलं. चूक सापडली नाही की त्याला स्वतःचाच संशय यायचा.

बायको वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन आली. तिला टेबल मोकळं हवं होतं. ते मिळणार नाही असं दिसल्यावर ती शेजारी बसून घड्या घालू लागली. टोप आला की तो घालूनच भाजी आणायला जावं, म्हणाली, निदान कुणी भाव वाढवून सांगायचं नाही. तो हसला नाही.

*सहा.*
कातडी पट्टा. उंदरांनी खाल्लेला. सोडा.

*सात, आठ.*
बरोबर.

*खूण नऊ. तुरा खोचायची नळी मागच्या बाजूला, मधल्या सांध्याच्या उजवीकडे.*

ही त्याची खास खूण. या पलटणीचा एकच टोप सगळ्यांना ठाऊक होता, एका संग्रहालयातला, आणि ते संग्रहालयही आता बंद पडलं होतं. फोटो काढायला तिथे बंदी होती. पहारेकऱ्याची पाठ वळली तेवढ्यात त्याने एक फोटो उरकला होता. नळी कुठल्या अंगाला, हे जगाला त्याच्यामुळे कळलं.

आणि याच नळीपायी दादा तुटला होता. दादाकडे वडिलांनी ठेवलेला एक टोप होता. पणजोबांचा, असं वडील शेवटपर्यंत सांगत. यादी लिहून झाल्यावर त्याने तो फिरवून मागून पाहिला आणि म्हणाला, नाटकातला आहे, नळी डावीकडे आहे.

“म्हणजे बाबा आयुष्यभर खोटं बोलले?” दादाने विचारलं होतं.

त्यावर त्याने पुन्हा नळीकडे बोट दाखवलं होतं. पुढच्या आठवड्यात वहिनीने तो टोप उलटा करून बाल्कनीत टांगला आणि त्यात कोरफड लावली. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं फक्त नात्यातलं कुणी गेलं की व्हायचं.

पावणेचारला मागच्या बाजूचा फोटो आला. खाली विक्रेत्याने लिहिलं होतं, “नळी उजवीकडेच आहे साहेब. तुमच्या यादीत आहे अगदी तशीच.”

त्याला बरं वाटलं. मग कुठेतरी टोचलं. नळीचा कल ताडून पाहावा म्हणून त्याने संग्रहालयातला मूळ फोटो शोधून काढला. यादीत टाकताना त्याने त्यातला फक्त टोपाच्या मागच्या बाजूचा तुकडा कापून घेतला होता. हा अख्खा होता. अकरा वर्षांत उघडला नव्हता.

बायको उशीचा अभ्रा हातात घेऊन वाकली.

“अगंबाई, हे मागे तुम्हीच ना? काय केस होते तुमचे.”

टोपाच्या पलीकडे, काचेत, तो स्वतः उभा होता. मोबाइल डोळ्यांसमोर धरलेला. नजर चोरटी.

पेटीत टोपामागे आरसा होता. मागची बाजू लोकांना दिसावी म्हणून लावलेला. आरशातली नळी उजवीकडे दिसत होती, म्हणून त्याने उजवीकडे लिहिलं होतं. खऱ्या टोपाची नळी डावीकडे होती. उजवीकडे नळी असलेला टोप घडवायचा, तर समोर त्याचीच यादी घेऊन बसायला हवं होतं. कुणीतरी बसलं होतं.

“साहेब, चार वाजत आले. घेताय ना?” विक्रेत्याने लिहिलं.

त्याने ‘नकली’ असं टाइप केलं. कारण लिहायला गेला आणि सगळंच पुसलं. मग मोबाइलवर दादाचा नंबर लावला. बराच वेळ रिंग वाजत राहिली. बायकोने घडी अर्धी सोडली.

“कोण गेलं?” दादाने उचलल्या उचलल्या विचारलं.

“कुणी नाही,” तो म्हणाला. “दादा, वहिनीला सांग, कोरफडीला आज पाणी घालू नकोस म्हणावं.”