उतारावरची परवानगी

शाळेकडे जाणाऱ्या उतारावर मंदाकिनी गावंडेंची चारचाकी बॅटरी स्कूटर आपोआप थांबली. "धोका आहे. तुमच्या मुलाची परवानगी मागवली आहे," ती म्हणाली.

सत्तरी ओलांडलेल्यांच्या स्कूटरना कायद्याने हा लगाम घातला होता. तो ठेवायचा की काढायचा, याचं मतदान खाली शाळेत पाचला संपणार होतं. मंदाकिनीबाईंचा मुलगा फोन उचलत नव्हता.

"तीस वर्षं घाटात एसटी चालवलीय मी!" म्हणत त्यांनी परवानगीची वायर उपटली. पट्टा आवळला, वेग अगदी कमी ठेवला, ब्रेक तपासला आणि सरळ खाली उतरल्या.

वर त्यांच्याच वयाच्या आणखी तिघीजणी थांबलेल्या स्कूटरवर अडकून पडल्या होत्या. मंदाकिनीबाई ओरडल्या, "वायर काढा! हळू या, तिरकं वळू नका!"

केंद्रावरच्या अधिकाऱ्याने विचारलं, "आजी, परवानगी?"

चौघींनी शाईसाठी बोटं पुढे केली.